म्युनिकला येताय? किराण्याची घडी अशी बसवा

दोघं मोठी, एक लहान मूल, घर शाकाहारी, पुण्याहून म्युनिकला यायचं. बॅगेत काय भरायचं आणि इथे आठवड्याचा किराणा-स्वयंपाक कसा लावायचा, असं तुम्ही विचारलंय.

आधी रविवार पक्का लक्षात ठेवा. रविवारी आणि सणाच्या सुट्टीला दुकानं बंद, इतर दिवशी रात्री ८ ला बंद. २४ डिसेंबरला दुपारी २ लाच बंद होतात आणि २५-२६ ला उघडतच नाहीत. शनिवारी झुंबड असते, म्हणून आठवड्याचा बाजार शुक्रवारी संध्याकाळी उरकलेला बरा. भाड्याच्या घरातला फ्रिज बहुधा कपाटात बसवलेला असतो, फ्रीझर म्हणजे छोटा कप्पा. महिन्याची भाजी गोठवून ठेवू हा बेत सोडून द्या.

डाळ, तांदूळ, पीठ, पोहे बॅगेत भरू नका. भारतीय दुकानांत सगळं मिळतं. ते वजन गोडा मसाला, कांदा-लसूण मसाला, भाजणी, मेतकूट आणि आमसुलांना द्या. तूप, पनीर, खवा अजिबात आणू नका. युरोपियन युनियनबाहेरून येणाऱ्या प्रवाशाला दुधाचे पदार्थ आणायला बंदी आहे, विमानतळावर सापडले तर काढून घेतात. ताजा कढीपत्ता आणि मिरच्याही वनस्पती-आरोग्याच्या दाखल्याशिवाय चालत नाहीत.

तूप घरीच कढवा. बिनमिठाच्या लोण्याची २५० ग्रॅमची ४ पाकिटं घेतली की साधारण ८०० ग्रॅम तूप पडतं. तयार हवं असेल तर डब्यावर ‘बुटरश्माल्झ’ लिहिलेलं बघा. नुसतं ‘श्माल्झ’ म्हणजे बहुतेक वेळा डुकराची चरबी! दह्याच्या गोड डब्यांवर ‘जेलाटीनं’ (Gelatine, प्राण्यांच्या हाडा-कातडीपासूनचं जिलेटिन) आणि चीजवर ‘लाब’ (Lab, दूध फाडायचं रेनेट, बरेचदा वासराच्या जठरातलं) हे शब्दही वाचायची सवय लावा.

दूध, लोणी, कांदे-बटाटे, गोठवलेले मटार-पालक आल्डी किंवा लिडल या स्वस्त सुपरमार्केटमधून. कोथिंबिरीच्या मोठ्या जुड्या, मिरच्या, भेंडी, वांगी, छोले, मसूर आणि १० टक्के फॅटचं घट्ट दही तुर्की दुकानातून. मुख्य रेल्वे स्टेशनच्या दक्षिणेला अशी दुकानं ओळीने आहेत. भारतीय दुकानात महिन्यातून एक फेरी पुरे. लहान दुकानांसाठी थोडी रोकड जवळ असू द्या.

महिन्याचा अंदाज: दिवसाला ३० ग्रॅमच्या १० पोळ्या धरल्या तर ९ किलो आटा लागतो, म्हणून १० किलोची पिशवी घ्या. तांदूळ ५ किलो, तूरडाळ २ किलो, बाकी कडधान्यं अर्धा-अर्धा किलो.

आटा मध्येच संपला तर सुपरमार्केटचं पीठ चालतं, पण निवडून घ्या. पाकिटावर पिठाच्या प्रकाराचा आकडा (Type) ४०५ असेल तर तो जवळजवळ मैदाच. १०५० घ्या. ‘फोलकॉर्न’ म्हणजे कोंड्यासकट पीठ, पण कोंडा भरड असला की पोळी कडेला फाटते. दोन्ही निम्मं-निम्मं मिसळा. आपला आटा चक्कीच्या घर्षणात जास्त दळला जातो, म्हणून पाणी जास्त पितो. इथल्या पिठाला नेहमीच्या अंदाजाने पाणी घातलंत तर कणीक चिकट होईल. थोडं-थोडं घाला, कोमट वापरा, अर्धा तास झाकून ठेवा.

डाळ शिजत नाही ही नव्याने आलेल्यांची हमखास तक्रार. म्युनिकचं पाणी जड आहे, त्यातला कॅल्शियम कडधान्यांचं साल मऊ होऊ देत नाही. राजमा-छोले रात्रभर भिजवा, चिमूटभर खाण्याचा सोडा घाला. चिंच-आमसूल डाळ पूर्ण शिजल्यावरच. शेगडी इंडक्शन असेल तर साधा ॲल्युमिनियमचा कुकर तापतच नाही. घरमालकाला शेगडीचा प्रकार आताच विचारा आणि त्याप्रमाणे कुकर घ्या. घर स्वयंपाकघरासकट आहे ना, हेही त्याच फोनवर विचारा. कित्येक घरं ओटा-सिंकशिवाय भाड्याने देतात.

आठवड्याच्या भाज्या टिकण्याच्या क्रमाने लावा. शनिवार ते सोमवार पालेभाज्या, मग भेंडी-वांगी-फ्लॉवर, शेवटी कोबी-गाजर-बटाटा आणि एक उसळ. उसळीचं कडधान्य मंगळवारी सकाळी भिजवा, रात्री फडक्यात बांधा. थंडीत मोड यायला दोन दिवस लागतात. ओव्हन न तापवता नुसता आतला दिवा लावून त्यात ठेवलं तर लवकर येतात, दहीही तिथेच नीट लागतं. कोथिंबीर धुवून ठेवू नका. मुळं कापा, कागदात गुंडाळून डब्यात घाला आणि कागद ओला झाला की बदला.

विमान शनिवारी रात्री किंवा रविवारी उतरत असेल, तर पहिल्या दिवसाचं दूध-ब्रेड मुख्य रेल्वे स्टेशनातल्या दुकानांत मिळेल, ती रविवारीही उघडी असतात. खिचडीपुरते डाळ-तांदूळ मात्र हातातल्या बॅगेत असू द्या.