बँडमधली सेवा, मेडिकलचा प्रवेश आणि संगीतोपचाराची वाट

प्रश्न : आम्ही गेली अनेक वर्षे टेक्सासमध्ये डॅलसजवळ राहतो. आमची मुलगी इथल्याच एका सरकारी विद्यापीठात जीवशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहे. शाळेपासून ती क्लॅरिनेट वाजवते आणि आता विद्यापीठाच्या मार्चिंग बँडमध्ये आहे. तिला टाउ बीटा सिग्मा या बँडच्या सोरॉरिटीकडून (विद्यार्थिनींच्या संघटनेकडून) सदस्यत्वाचे बोलावणे आले आहे. तिथे पुष्कळ समाजसेवा करायला मिळेल, असे ती सांगते. सोरॉरिटींविषयी जे कानावर येते त्याने आम्हाला धास्ती वाटते. तिने मेडिकलला जावे अशी आमची इच्छा आहे. ती मात्र अलीकडे म्युझिक थेरपीबद्दल, म्हणजे संगीतोपचाराबद्दल, बोलू लागली आहे. या सेवेचा प्रवेशासाठी काही उपयोग होतो का, की नुसता वेळ जाईल? – एक आई

उत्तर :

सप्रेम नमस्कार.

ताई, तुमच्या पत्रात तीन वेगवेगळ्या काळज्या एकत्र आल्या आहेत : सोरॉरिटीची, वेळेची आणि मुलीच्या बदलत्या मनाची. पहिली काळजी सर्वांत लवकर दूर होण्याजोगी आहे, म्हणून तिच्यापासून सुरुवात करतो.

मोठ्या बंगल्यात एकत्र राहणाऱ्या आणि मेजवान्यांसाठी ओळखल्या जाणाऱ्या सोरॉरिटी वेगळ्या आणि टाउ बीटा सिग्मा वेगळी. दुसऱ्या महायुद्धाच्या आसपास लबक येथील टेक्सास टेक कॉलेजच्या बँडमधल्या मुलींनी ही संस्था उभी केली, कारण बँडची सेवा करणारी कप्पा कप्पा साय ही १९१९ सालची संस्था तेव्हा केवळ मुलांसाठी होती. वेव्हा बेन्स या विद्यार्थिनीने त्यात पुढाकार घेतला होता. टेक्सासच्या कायद्यानुसार राष्ट्रीय संस्थेची नोंदणी अवघड असल्यामुळे ती ओक्लाहोमा राज्यात २६ मार्च १९४६ रोजी झाली, आणि म्हणूनच कल्पना लबकची असूनही पहिल्या चॅप्टरचा, म्हणजे विद्यापीठातल्या शाखेचा, मान ओक्लाहोमाकडे गेला. संस्थेचे मुख्य कार्यालय आजही ओक्लाहोमातल्या स्टिलवॉटर गावी, जुन्या रेल्वे स्थानकाच्या इमारतीत आहे. नावात सोरॉरिटी असली तरी सदस्यत्व आता केवळ मुलींपुरते राहिलेले नाही. तुमची मुलगी ज्यांच्याबरोबर रोज सराव करते तीच ही मंडळी आहेत, एवढे लक्षात घेतले तरी निम्मी धास्ती कमी व्हावी.

उरलेल्या धास्तीसाठी मात्र चौकशी अवश्य करा. नवीन सदस्यांचा छळ, ज्याला तिथे हेझिंग म्हणतात, टेक्सासमध्ये गुन्हा आहे. २०१९ मध्ये तो कायदा अधिक कडक झाला आणि दोषी ठरलेल्या संघटनांचा अहवाल विद्यापीठांनी आपल्या संकेतस्थळावर प्रसिद्ध करणे बंधनकारक झाले. डिसेंबर २०२४ मध्ये केंद्रीय पातळीवरही असा कायदा आला. तिच्या विद्यापीठाचा तो अहवाल उघडून या चॅप्टरचे नाव त्यात आहे का, हे मुलीला सोबत घेऊन पाहावे. उमेदवारीच्या काळात आठवड्याला किती तास द्यावे लागतील आणि वर्षभराची एकूण वर्गणी किती, हे तिने चॅप्टरच्या पदाधिकाऱ्यांना थेट विचारावे. असे विचारण्यात संकोच वाटण्याचे कारण नाही.

आता सेवेविषयी, कारण खरा प्रश्न तिथे आहे. या संस्थेची सेवा प्रथम बँडसाठी असते, हे तुम्ही आणि मुलीनेही नीट समजून घ्यावे. ऑगस्टच्या उन्हात सराव करणाऱ्यांना पाणी पुरवणे, गणवेशांची मापे घेणे, स्वरलिपीच्या फायली लावणे, पाहुण्या बँडच्या जेवणाची व्यवस्था करणे अशी ती कामे असतात. ती मोलाची आहेत आणि त्यांतून जबाबदारीची सवय लागते. पण मेडिकलच्या प्रवेश समितीला समाजसेवा म्हणून जे अपेक्षित असते, त्यात यातले फारसे बसत नाही. त्याखेरीज अनेक चॅप्टर गावातल्या प्राथमिक शाळांत मुलांना वाद्यांची ओळख करून देतात किंवा वृद्धाश्रमात जाऊन वाजवतात. तुमच्या मुलीसाठी ही दुसऱ्या प्रकारची कामे महत्त्वाची आहेत.

वाद्य-ओळखीच्या कार्यक्रमाचे उदाहरण घ्या. एका टेबलावर क्लॅरिनेट असते आणि समोर सात-आठ वर्षांच्या मुलांची रांग. प्रत्येक मुलानंतर माउथपीसवर जंतुनाशक फवारून ते वाळेपर्यंत थांबावे लागते आणि तेवढा वेळ पुढच्या अधीर मुलाला बोलण्यात गुंतवावे लागते. मुलाने फुंकर मारली की बहुधा नुसती हवा येते, कारण ओठ सैल असतात किंवा गाल फुगलेले असतात. खालचा ओठ दातांवर अलगद दुमडायचा, वरचे दात टेकवायचे आणि ओठांचे कोपरे घट्ट धरायचे, हे मुलाला समजेल अशा शब्दांत, ते हिरमुसले होण्याआधी सांगता येणे ही शिक्षकाची आणि उपचारकाची कसोटी आहे. हे काम दोन-चार वेळा केल्यावर मुलगी घरी थकून येते की उत्साहाने बोलत येते, याकडे लक्ष द्या. कोणत्याही अभिरुची चाचणीपेक्षा मी त्यावर अधिक विश्वास ठेवीन.

मेडिकलच्या अर्जाचे स्वरूप सांगतो. टेक्सासच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांसाठी टीएमडीएसएएस ही स्वतंत्र अर्जव्यवस्था आहे आणि तिथल्या किमान ९० टक्के जागा राज्यातल्या रहिवाशांसाठी असतात, ही तुमच्या कुटुंबाच्या दृष्टीने मोठी जमेची बाजू आहे. देशातल्या बाकी बहुतेक महाविद्यालयांसाठी एएमसीएएस ही सामायिक अर्जव्यवस्था चालते. तिच्यात जास्तीत जास्त १५ अनुभव नोंदवता येतात आणि त्यांतल्या तीन अनुभवांविषयी अधिक लिहिण्याची मुभा असते. दोन्ही ठिकाणी रुग्णसेवेशी संबंधित अनुभव आणि अन्य समाजसेवा यांची नोंद वेगळी होते, आणि पहिल्याची उणीव दुसऱ्याने भरून निघत नाही. म्हणून मेडिकलचा विचार कायम असेल, तर रुग्णालय, दवाखाना किंवा हॉस्पिस (अखेरच्या अवस्थेतल्या रुग्णांची सेवा करणारी संस्था) यांपैकी एका ठिकाणी तिला नियमित काम करावे लागेल. बँडच्या सेवेचा लाभ अर्जात तेव्हा दिसतो, जेव्हा एकाच वृद्धाश्रमात किंवा एकाच शाळेत ती दीड-दोन वर्षे सातत्याने गेलेली असते आणि पुढे त्या उपक्रमाची सूत्रे सांभाळते. वीस ठिकाणी एकेकदा जाऊन काढलेल्या छायाचित्रांना तिथे किंमत नाही. तिने पहिल्या दिवसापासून तारीख, तास, केलेले काम आणि तिथल्या जबाबदार व्यक्तीचे नाव वहीत लिहून ठेवावे. दोन वर्षांनी अर्ज भरताना आठवणीवर विसंबून हे जमत नाही.

म्युझिक थेरपीचे नाव ऐकून तुम्ही बिचकला आहात, असे पत्रातून जाणवते. हा छंदाचा विस्तार नव्हे. अमेरिकेत ही आरोग्यसेवेतली रीतसर शाखा आहे. महायुद्धातून परतलेल्या जखमी सैनिकांच्या रुग्णालयांत संगीतकार वाजवू लागले, त्यांना प्रशिक्षणाची गरज भासू लागली, आणि मिशिगन स्टेट येथे १९४४ मध्ये या विषयाचा पहिला पदवी अभ्यासक्रम सुरू झाला. २०११ मध्ये ॲरिझोनातल्या टुसॉन येथे गोळी लागल्याने अमेरिकी संसदेच्या तत्कालीन सदस्य गॅब्रिएल गिफर्ड्स यांची वाचा गेली, तेव्हा ह्यूस्टनमधल्या त्यांच्या पुनर्वसनात संगीतोपचाराचा वापर झाला होता. मेंदूच्या डाव्या भागाला इजा झाल्यावर ज्या रुग्णाला शब्द बोलता येत नाही, त्याला अनेकदा तेच शब्द चालीत म्हणता येतात, आणि त्या वाटेने वाचा परत आणण्याचा प्रयत्न होतो.

मात्र वृद्धाश्रमात जाऊन वाजवणे आणि संगीतोपचार यांतला फरक मुलीला माहीत हवा. उपचारक आधी रुग्णाची तपासणी करतो, उद्दिष्ट ठरवतो, त्यासाठी गाणी निवडतो आणि प्रत्येक सत्राची नोंद ठेवतो. बँडच्या कार्यक्रमात यातले काहीच नसते. तरीही गप्प बसलेली आजी तिच्या तरुणपणीच्या गाण्याला ओठ हलवू लागते, तेव्हा ते पाहणाऱ्या विद्यार्थिनीच्या मनात नेमका कोणता प्रश्न उठतो, यातून तिचा कल कळतो. यामागे मेंदूत काय घडते, हा प्रश्न उठत असेल तर वैद्यक किंवा मेंदूविज्ञान; उद्या मी हिच्यासाठी कोणते गाणे घ्यावे, असे मनात येत असेल तर संगीतोपचार.

या शाखेसाठी मान्यताप्राप्त पदवी, किमान १२०० तासांचे प्रत्यक्ष प्रशिक्षण आणि त्यानंतर राष्ट्रीय प्रमाणन परीक्षा असा मार्ग आहे. डेंटन येथील टेक्सास वुमन्स युनिव्हर्सिटीत हा अभ्यासक्रम आहे आणि ते तुमच्यापासून दूर नाही. प्रवेशासाठी वाद्याची ऑडिशन द्यावी लागते. क्लॅरिनेट मुख्य वाद्य म्हणून चालते, पण वाजवताना गाता येत नाही, ही त्याची मर्यादा आहे. त्यामुळे गायन, पियानो आणि गिटार यांत कामापुरते प्रावीण्य मिळवावेच लागते. डॉक्टरांच्या तुलनेत उत्पन्न बरेच कमी असते, हे मी लपवत नाही, आणि तिच्याशी बोलताना तुम्हीही ते स्पष्ट सांगा. त्याचबरोबर तिला मराठी येते, हे सांगायला विसरू नका. मुलांकडे राहायला आलेले आपल्याकडचे कितीतरी आजी-आजोबा आज अमेरिकेत आहेत. विस्मरणाच्या आजारात इंग्रजी आधी सुटते आणि अभंग, भावगीते टिकून राहतात, अशा वेळी त्यांची गाणी ओळखणारा उपचारक क्वचितच मिळतो.

माझा स्पष्ट सल्ला असा आहे की, चौकशीत काही गैर आढळले नाही तर तिला सदस्य होऊ द्यावे. सेमिस्टरचे गुण घसरले तर जबाबदारीचे पद घ्यायचे नाही, एवढी एक अट घरात आधी ठरवावी. ऑगस्ट ते नोव्हेंबर हा मार्चिंगचा हंगाम असतो. त्या काळात रसायनशास्त्राचा अवघड विषय आणि सदस्यत्वाची उमेदवारी एकत्र येणार असेल, तर उमेदवारी वसंत सेमिस्टरपर्यंत पुढे ढकलता येईल का, हे तिने विचारावे. जीवशास्त्र सोडण्याचा निर्णय यंदा घेऊ नये. डिसेंबरच्या सुटीत तिने डॅलस परिसरातल्या एखाद्या मुलांच्या रुग्णालयाला पत्र लिहून संगीतोपचारकाचे काम पाहण्याची परवानगी मागावी, आणि त्याच सुटीत दोन दिवस एखाद्या डॉक्टरांसोबत राहून त्यांचेही काम पाहावे. दोन्ही पाहून झाल्यावर मार्चमध्ये पुन्हा लिहा, आणि त्या वेळी पत्र तिने लिहिले तर अधिक बरे.