बंबातला होज: गुंडाळी की घडी?

(वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे देत आहेत महापालिकेच्या अग्निशमन दलातून निवृत्त झालेले एक सब-ऑफिसर.)

प्रश्न : मुलीकडे न्यू जर्सीला गेलो असताना तिथली फायर ब्रिगेडची गाडी जवळून पाहिली. गाडीच्या पाठीवर पाइप साडीच्या निऱ्यांसारखा घड्या घालून ठेवला होता, एक टोक दुसऱ्याला जोडलेले. आपल्या बंबात मात्र कडेच्या कपाटात सुट्या गोल गुंडाळ्या असतात. आगीच्या वेळी त्या सोडून जोडण्यात वेळ जात नाही का? आपण त्यांच्यासारखे का करत नाही? — एक निवृत्त शिक्षक, सांगली

उत्तर : सर, वेळ जातो की नाही हे गुंडाळी कशी मारली आहे त्यावर ठरते. तुम्हाला कपाटात सगळ्या गुंडाळ्या सारख्याच दिसल्या असतील, पण त्यांत दोन जाती असतात. पहिली साधी. होजच्या, म्हणजे या पाइपच्या, एका टोकाचे कपलिंग (जोडणीचा धातूचा भाग) मधोमध धरून त्याभोवती तो अख्खा गुंडाळायचा. ठेवायला ही सुटसुटीत, पण आतले कपलिंग हाती येण्यासाठी पूर्ण लांबी सोडावी लागते. दुसरीला आम्ही डच रोल म्हणतो. होज मधोमध दुमडून दुहेरी करायचा आणि घडीच्या बाजूने गुंडाळत यायचे. दोन्ही कपलिंगे बाहेर राहतात. ती हातात घट्ट धरून गुंडाळी पुढे भिरकावली, की ती स्वतःच उलगडत जाते. एक टोक पंपाला, दुसरे ब्रँचला, म्हणजे पाणी मारायच्या तोटीला. आपले कपलिंगही झटपट बसणारे आहे. आटे फिरवायचे नाहीत, मेल बाजू फिमेलमध्ये दाबली की स्प्रिंगचे खटके लागतात. अंधारात, धुरात, हातमोजे घालूनही ते बसते. सराव झालेल्या दोन माणसांना एक लेंथ, म्हणजे होजचा एक तुकडा, टाकायला लागणारा वेळ सेकंदांत मोजतात.

गुंडाळी मारणे हे नवख्या फायरमनला पहिल्याच आठवड्यात शिकवतात आणि ते काम मला कधीच हलके वाटले नाही. सैल मारली तर उचलताना मधला भाग घसरून खाली येतो. फार आवळली तर घडीवर ताण येतो. डच रोलमध्ये घडी दर वेळी त्याच जागी आली, तर होज नेमका तिथेच फाटतो, म्हणून गुंडाळताना दुमड हातभर पुढेमागे घ्यायची. कपलिंग फरशीवर आपटायचे नाही. मेलच्या कडेला पोचा पडला, की ऐन वेळी सांध्यातून कारंजे उडते आणि ब्रँचवरच्या माणसाचा दाब जातो.

आता अमेरिकेबद्दल. तिथल्या शहरांत रस्त्यावर ठरावीक अंतराने हायड्रंट, म्हणजे बंबाला पाणी देणारे नळ, असतात आणि त्यांना पाण्याचा दाब असतो, त्यामुळे बऱ्याच गाड्यांत टाकी 500 ते 1000 गॅलनचीच असते. बाकीचे पाणी हायड्रंटवरून आणायचे. त्यासाठी गाडीच्या पाठीवर चार-पाच इंची जाड होज सलग जोडून घड्या घालून ठेवलेला असतो. एक फायरमन हायड्रंटपाशी उतरून टोक धरतो, गाडी आगीकडे निघते आणि होज मागून आपोआप उलगडत रस्त्यावर पडतो. हे काम गुंडाळ्यांनी होणारच नाही. शिवाय केबिनच्या मागे आडव्या खणात साधारण 45 मिलिमीटरचा, दीडशे-दोनशे फुटी होज असतो. त्याचे एक टोक पंपाला आणि दुसरे नोझलला आधीच जोडलेले असते. ओढला की निघाला.

आपल्याकडे हायड्रंटच्या भरवशावर बंब पाठवता येत नाही. म्हणून गाडीच पाणी घेऊन जाते. आपल्या नेहमीच्या वॉटर टेंडरची, म्हणजे पाण्याच्या बंबाची, टाकी 4500 लिटरची असते, मागून टँकर येत राहतात. मोठ्या ब्रँचमधून मिनिटाला 450 लिटर सोडले, तर टाकी दहा मिनिटांत रिकामी! त्यामुळे पहिले पाणी बहुतेक वेळा होज रीलने मारतात. चाकावर गुंडाळलेला बारीक रबरी पाइप तुम्ही पाहिला असेल. तो पंपाला कायम जोडलेला असतो आणि भिंती ताठ असल्याने अर्धा चाकावर असतानाही त्यातून पाणी जाते. तेव्हा सर, ‘आधीच जोडलेला होज’ आपल्याकडेही आहे, फक्त तो रीलवर आहे.

आणि गुंडाळ्या का, याचे माझ्या मते सर्वांत मोठे कारण आपल्या गल्ल्या आणि आपले जिने. बंब जिथे अडकतो तिथून पुढे होज माणसाच्या खांद्यावर जातो. 63 मिलिमीटरच्या होजची 15 मीटरची गुंडाळी एकेका हातात घेऊन फायरमन जिना चढतो. भरलेला होज असा नेताच येत नाही. त्याच 15 मीटरमध्ये 47 लिटर, म्हणजे 47 किलो पाणी मावते. उंच इमारतीत तर खालून होज ओढतच नाहीत. इमारतीच्या उभ्या पाइपला प्रत्येक मजल्यावर व्हॉल्व्ह असतो. आगीच्या एक मजला खाली त्याला होज जोडतात आणि जास्तीचा होज जिन्यावर वरच्या दिशेने मोकळ्या घड्यांत पसरतात, म्हणजे आत शिरताना तो उताराने खाली सरकतो. घडी आपल्यालाही वर्ज्य नाही, फक्त ती गाडीत न घालता जागेवर घालतात.

15 मीटर ही लांबी जुनी आहे. ॲम्स्टरडॅमचा चित्रकार यान फान डर हेयडन याने सतराव्या शतकात, 1672 च्या सुमारास, चामड्याचे होज बनवले. तेही 50-50 फुटांचे तुकडे पितळी कपलिंगने जोडलेले होते. 50 फूट म्हणजे 15 मीटरच की! एक तुकडा फुटला तर तेवढाच बदलायचा, बाकीची लाइन तशीच राहते.

गाडीत काय कुठे ठेवायचे, तेही ठरलेले असते. ब्रँच आणि रोजच्या वापराच्या गुंडाळ्या हाताच्या उंचीवर, गुंडाळ्या कडेवर उभ्या. जाड काळा सक्शन होज ताठ आणि सरळ, टपावर किंवा लांब खोबणीत. तो गुंडाळत नाहीत, कारण विहिरीतून पाणी ओढताना आतली हवा काढली जाते आणि मऊ पाइप तिथल्या तिथे चपटा झाला असता. म्हणून त्यात तारेची स्प्रिंग असते.

आग विझल्यावरचे काम लोकांना दिसत नाही. होज खांद्यावर घेऊन एका टोकापासून चालत जायचे, आतले पाणी पुढे ढकलायचे. मग धुवायचा, वाळवायचा, तपासायचा. जुन्या स्टेशनांत त्यासाठीच उंच मनोरा असे. होज त्यात उभा टांगत. ओला होज गुंडाळून गाडीत टाकणारा माणूस पुढच्या पाळीच्या सोबत्याचा घात करतो, हे मी माझ्या पोरांना सतत बजावत असे.

प्रश्न : आमच्या सोसायटीत प्रत्येक मजल्यावर लाल पेटी आहे. आतला होज बसवल्यापासून उघडलेलाच नाही. चालेल का? — एक गृहिणी, डोंबिवली

उत्तर : ताई, भरवसा ठेवू नका. त्याची घडी एकाच जागी बसून कडक झालेली असेल. महाराष्ट्रात 2006 च्या अग्निप्रतिबंधक कायद्यानुसार दर जानेवारी आणि जुलैत परवानाधारक एजन्सीकडून ‘फॉर्म बी’, म्हणजे आगीची यंत्रणा चालू स्थितीत असल्याचा दाखला, घ्यावा लागतो. तो कागद येतो तेव्हा त्या माणसांना होज पूर्ण उलगडून, पाण्याचा दाब देऊन दाखवायला सांगा. परत ठेवताना दुमड वेगळ्या जागी येऊ द्या. फिमेल कपलिंगमधला रबरी वॉशर बोटाने चाचपा आणि ब्रँच जागेवर आहे का ते पाहा. पितळेच्या ब्रँच भंगारात विकल्या जातात आणि पेटी रिकामी आहे हे आगीच्या दिवशीच कळते. मात्र आग लागली तर हा मोठा होज एकट्याने उघडू नका, दाबाखाली तो आवरत नाही. शेजारी लाल चाकावरचा बारीक पाइप असतो, तो एका माणसासाठीच आहे. आग छोटी असेल आणि बाहेरची वाट मोकळी असेल तरच तो वापरा. आग विजेची वाटली तर पाण्याला हात लावू नका. 101 ला मात्र आधी फोन करा.

प्रश्न : रस्त्यावर पसरलेल्या होजवरून स्कूटर गेली तर काय होते? — इयत्ता सातवी, नाशिक

उत्तर : चाक होजवर आले की तेवढा वेळ पाणी अडते आणि सुटताना धक्का बसतो. त्या क्षणी दुसऱ्या टोकाला एखादा फायरमन आगीच्या खोलीत गुडघ्यांवर बसलेला असतो आणि त्याच्या हातातले पाणी कमी होते. कपलिंगवरून चाक गेले, तर ते वाकून सांधाच निसटू शकतो. गाड्या जाऊ द्यायच्याच असतील, तर होजच्या दोन्ही बाजूंना उतरते ठोकळे लावतात, त्याला होज रॅम्प म्हणतात. कुणी घाईने स्कूटर पुढे काढू लागले तर तू त्यांना थांबव आणि पंपापाशी उभ्या असलेल्या फायरमनला हाक मार. कुठून जायचे ते तो सांगेल.