साधा सीटी नॉर्मल आला, तरी इथे थांबू नका

ताई, तुमच्या यजमानांचं वाचलं. वय 51, रविवारी जेवणानंतर बेंबीच्या वर अचानक कळ, ती पाठीत गेली, सोनोग्राफीत ‘गॅसमुळे नीट दिसत नाही’, साधा सीटी नॉर्मल, पित्ताच्या गोळ्या देऊन घरी पाठवलं आणि आज पुन्हा तेच. माझीच जुनी फाइल कुणीतरी वाचून दाखवतंय असं वाटलं.

दुखणं आत्ता चालू असेल तर पुढचं नंतर वाचा. आधी मोठ्या इस्पितळाच्या कॅज्युअल्टीत जा आणि डॉक्टरांना थेट विचारा, ‘पोटाच्या रक्तवाहिन्यांचा सीटी अँजिओ करायला हवा का?’ म्हणजे शिरेतून काँट्रास्ट नावाचं औषध सोडून धमन्या दाखवणारा सीटी; साध्यात ते नसतं. मी डॉक्टर नाही. तुमच्या यजमानांना वेगळंच काही निघू शकतं, हृदयाचंही.

मला निघालं ते एसएमए (सुपिरियर मेसेंटेरिक आर्टरी) डिसेक्शन. आतड्याला रक्त पुरवणाऱ्या मोठ्या धमनीचं आतलं अस्तर फाटतं, रक्त भिंतीच्या पदरांमध्ये शिरतं आणि खरी वाट चेपत जाते. महाधमनी धड असताना एवढी एकच फाटणं दुर्मिळ, आणि सापडतं ते बहुतेक पन्नाशीच्या आसपासच्या पुरुषांत.

मला सगळ्यात महाग पडलेली चूक सांगतो. चिठ्ठीवर नुसतं ‘सीटी ॲब्डोमेन’ लिहिलं होतं. सेंटरच्या काउंटरवर विचारलं, ‘साधा की काँट्रास्ट?’ काँट्रास्टला क्रिएटिनिनचा, म्हणजे मूत्रपिंडाच्या रक्ततपासणीचा, रिपोर्ट लागेल, तो सकाळी मिळेल, पैसेही जास्त. वर सल्ला, ‘पोटदुखीच आहे ना, साधा पुरे.’ मी काउंटरच्या कडेला धरून वाकलेला, म्हटलं, साधा करा. डॉक्टरांना एक फोन केला नाही. पैसे घेणाऱ्या माणसानं कुठला स्कॅन करायचा ते ठरवावं, याचा मला आजही संताप येतो.

साध्या सीटीत मुतखडा दिसतो, पण धमनीतलं रक्त आणि भिंतीत शिरलेलं रक्त जवळपास एकाच रंगाचं दिसतं, त्यामुळे फाटलेलं अस्तर सहसा कळतच नाही. ‘विशेष काही नाही’ ही ओळ मग पुढचे पाच दिवस प्रत्येक डॉक्टरच्या खोलीत माझ्या आधी पोचत होती. सगळे पोट दाबायचे, ते मऊ लागायचं, की झालं, ॲसिडिटी. शेवटी रात्रपाळीच्या एका शिकाऊ डॉक्टरीणबाईंनी दोनदा पोट दाबलं आणि म्हणाल्या, ‘इतकं दुखतंय आणि पोट एवढं मऊ कसं?’ हा विसंगतपणाच महत्त्वाची खूण असतो. त्यांनी अँजिओ लिहिला. स्क्रीनवर धमनीच्या पांढऱ्या गोलात एक बारीक काळी रेघ होती. तेच फाटलेलं अस्तर.

निदान झाल्यावर ऑपरेशन का करत नाहीत म्हणून माझे भाऊ डॉक्टरांवर चिडले होते. तसं चिडू नका. आतड्याचं रक्त तुटलेलं नसेल आणि धमनी फुटलेली नसेल, तर आधी उपाशी ठेवणं, सलाईन, वेदनाशामक आणि बीपी ताब्यात ठेवणं हेच उपचार. रक्त पातळ करणाऱ्या औषधांबद्दल डॉक्टरांमध्येच मतभेद आहेत, ते त्यांच्यावर सोडा. दुखणं थांबेना किंवा रक्त कमी पडायला लागलं तर स्टेंट. आतडं काळं पडलं किंवा धमनी फुटली तर मात्र ऑपरेशन. मी सहा दिवस सलाईनवर होतो, मग पेज, मग मऊ भात, तोही थोडा थोडा. घरी आल्यावर जेवणानंतर पुन्हा पोटात कळ, ताप, शौचात रक्त, यातलं काही झालं तर रात्र काढू नका. माझे नंतरचे स्कॅन महिन्यानं आणि सहा महिन्यांनी झाले. भिंतीतली खोटी पोकळी आक्रसत गेली.

व्हॅस्क्युलर सर्जनचं मत घ्याच. मूत्रपिंडाच्या आणि मानेच्या धमन्या बघायच्या का, तेही विचारा, कारण काहींना मुळातच धमन्यांच्या भिंतीचा आजार असतो. तंबाखू असेल तर आजच बंद, यात मी कुणाचं ऐकून घेत नाही.

फिल्मवर समाधान मानू नका, स्कॅनची सीडी मागून घ्या. डिस्चार्ज कार्डावर नुसती ‘पोटदुखी’ लिहू देऊ नका, आजाराचं पूर्ण नाव लिहून घ्या. विम्याच्या टेबलावर माझा दावा त्या एका शब्दापायी तीन महिने अडला होता. आणि आजच्या चिठ्ठीवर ‘सीटी अँजिओ, काँट्रास्टसह’ असं डॉक्टरांच्याच हातानं लिहिलेलं असू द्या, म्हणजे काउंटरवर तुम्हाला काही ठरवावं लागणार नाही.