गिटारचा पिक घरच्या घरी

प्रश्न : गिटार शिकतोय, पिक (तारा छेडायच्या छोट्या चकत्या) सारखे हरवतात. जुनं एटीएम कार्ड कापून पिक केला, पण तारेवर टकटक वाजतो, अडकतोही. त्यापेक्षा श्रीखंडाच्या डब्याचं झाकण बरं का?
– एक वाचक, रामबाग, इंदूर

उत्तर : झाकण राहू द्या. ते फारच लवचिक. नुसत्या स्ट्रमिंगला, म्हणजे सगळ्या तारांवरून एकदम हात फिरवायला चालेल, एकेक तार छेडताना मात्र वाकून मागे पडतं. तुमचं कार्डच उत्तम. त्याची जाडी ०.७६ मिमी, म्हणजे बाजारातल्या मध्यम पिकाएवढी. दोष कडांचा आहे. कात्रीने कापलेली कड चौकोनी राहते, तिचे दोन्ही कोपरे तारेला धरतात. टकटक त्याचीच.

जुना पिक कार्डावर ठेवून बॉलपेनने आखा. नसेल तर ३० मिमी लांब, २६ मिमी रुंद असा गोलसर त्रिकोण काढा. चिप आणि उठावाचे आकडे टाळा. रेषेबाहेर मिलिमीटरभर सोडून कापा, कारण घासताना तेवढं जातंच. कात्री न फिरवता कार्ड फिरवा, नाहीतर वळणावर पांढरी चीर पडते आणि पिक पुढे तिथेच तुटतो.

आता खरं काम. ४०० नंबरचा पॉलिश पेपर टेबलावर पसरा, पिक तिरका धरून टोकाच्या दोन्ही बाजू दोन्ही अंगांनी घासा. मग १००० नंबरचा, पाणी लावून. शेवटी जीन्सच्या कापडावर जोरात रगडा. कडेवरून नख फिरवा. कुठेही अडकायला नको. टोक मात्र फार गोल करू नका, आवाज बोथट होतो.

निसटत असेल तर पकडीच्या जागी कंपासच्या टोकाने आडव्याउभ्या रेघा ओढा.