कंबरेतून पायात उतरणारी कळ

प्रश्न : डॉक्टर, गेले काही आठवडे कंबरेतून डाव्या पायात करंट मारल्यासारखी कळ जाते, पार अंगठ्यापर्यंत. खोकलं की जास्तच. सगळे म्हणतात एमआरआय काढ आणि झोपून रहा. काय करू?

उत्तर : तुम्ही सांगताय त्यावरून सायटिका वाटतंय, म्हणजे दुखतंय पायात पण गडबड बहुतेक कंबरेत आहे. दोन मणक्यांमधली गादी सरकून शेजारच्या नसेच्या मुळावर दाब येतो, तिथे सूज येते आणि मग ती नस जिथपर्यंत जाते तिथपर्यंत कळ जाते. अंगठ्याकडे जात असेल तर बहुतेक एल ५ची नस, म्हणजे कंबरेच्या शेवटच्या मणक्याखालून निघणारी, करंगळीकडे गेली तर एस १ची, म्हणजे तिच्या लगेच खालची. खोकल्यावर आतला दाब वाढतो म्हणून कळ वाढते. उतारवयात मात्र नसेची जागाच अरुंद झालेली असते, तेव्हा चालताना दुखतं आणि वाकलं की बरं वाटतं.

झोपून राहू नका! झेपेल तेवढं चालत रहा, बहुतेकांचं ६ ते १२ आठवड्यांत ऑपरेशनशिवाय कमी होतं, सरकलेली गादी बऱ्याचदा आपोआप आक्रसते. पेनकिलर डॉक्टरांना विचारून, अॅसिडिटी किंवा किडनीचा त्रास असेल तर नक्कीच विचारून, आणि फिजिओथेरपी. एमआरआय लगेच नको, काही त्रास नसलेल्या माणसांच्याही रिपोर्टमध्ये सरकलेली गादी दिसते आणि उगाच टेन्शन येतं.

पण लघवी अडली किंवा कळेनाशी झाली, मांड्यांच्या मधला भाग बधिर झाला, पाऊल उचलेना, तर त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा.