मॉलसमोर किराणा दुकान टाकताय? आधी खिंड शोधा

साखर-तेलाच्या भावात मॉलशी भिडू नका. ते मोकळं मैदान आहे, तिथे मोठी फौजच जिंकते. या मालात नफा मुळातच पातळ. किलोमागे दोन रुपये सोडले की हातात काही उरत नाही, आणि भांडवल अडकतं ते वेगळंच.

२ फेब्रुवारी १६६१ रोजी मोगल सरदार कारतलबखानाची फौज सह्याद्रीतल्या उंबरखिंडीत शिवाजी महाराजांच्या तावडीत सापडली, ती वाट अरुंद होती म्हणून. तिथे संख्या उपयोगाची नव्हती. तुमची खिंड म्हणजे पावशेर सुटी डाळ, निवडलेले गहू, रात्री नऊला फोनवर आलेली यादी दहा मिनिटांत तिसऱ्या मजल्यावर.

हेरगिरी दर सोमवारी: मॉलमध्ये वीस वस्तूंचे भाव टिपा, आणि काय मिळत नाही तेही. हे दुसरं जास्त मोलाचं.

उधारीला घरटी मर्यादा ठरवा, प्रत्येक नोंदीवर सही घ्या. थकली तर चारचौघांत अडवू नका. उंबरखिंडीत महाराजांनी शरण आलेल्या खानाला सामान ठेवून जायची वाट दिली होती. तुम्हीही हप्ता बांधून द्या. कोंडलेलं गिऱ्हाईक पैसेही देत नाही आणि गल्लीही बदलतं.