उद्योजक देशाला काय देतो? पंपाच्या एका शाफ्टचा हिशेब

तुझा प्रश्न असा आहे: "उद्योजक रोजगार देतो आणि कर भरतो. याखेरीज देशाच्या आर्थिक विकासात त्याचा वाटा काय?" या दोन्ही गोष्टी खऱ्याच आहेत, पण त्या येतात मूल्यवृद्धीतून, म्हणजे कामामुळे मालाच्या किमतीत पडणाऱ्या भरीतून, आणि निबंधाचा भर तिच्यावरच हवा.

माझं वडोदऱ्यात मकरपुरा जीआयडीसीत (सरकारी औद्योगिक वसाहतीत) लेथचं, म्हणजे धातू कातायच्या यंत्राचं, वर्कशॉप आहे, म्हणून तिथलंच उदाहरण देतो. पंपाचा शाफ्ट, म्हणजे पंपातला फिरणारा दांडा, घे. समजा, ४०० रुपयांचा पोलादी बार आला. एका शेडमध्ये तो बँडसॉवर (पट्ट्याच्या करवतीवर) कापला गेला, माझ्याकडे टर्निंग, म्हणजे लेथवर कातणं, होऊन त्याला की-वे (चावी बसायची खाच) पडला, ग्राइंडिंग तिसऱ्याकडे आणि हार्ड क्रोमचा मुलामा चौथ्याकडे झाला. पंपवाल्याने त्याचे ९०० रुपये मोजले. वीज, टूल, कूलंट, केमिकल असा बाहेरून घेतलेला माल १०० रुपयांचा धर. उरलेले ४०० ही या चार शेडनी देशाच्या उत्पन्नात घातलेली भर. कारागिरांचा पगार, शेडचं भाडं, कर्जाचं व्याज आणि मालकांचा नफा सगळं त्यातूनच निघतं. म्हणून फक्त मालकाच्या नफ्याकडे बोट दाखवणाऱ्यांना हिशेबाचा मोठा भाग दिसतच नाही. उलट, जमीन घेऊन नुसती भाव चढायची वाट बघणाऱ्याला मी उद्योजक म्हणणार नाही. पैसा या खिशातून त्या खिशात जातो, नवं काही तयार होत नाही.

दुसरी गोष्ट पुस्तकात दोन ओळींत उरकतात: हुन्नर पसरतो. चांगला टर्नर चार-पाच वर्षं हात बसवतो, मग जुनी लेथ घेऊन स्वतःची शेड टाकतो. आमच्या रांगेतले बरेच मालक असेच तयार झालेत. जुन्या मालकाला स्पर्धक मिळतो, त्रास होतो, पण शहरात काम वाढतं.

मात्र उद्योजक हवेत उगवत नाही, हे निबंधात लिहिच. वडोदऱ्याच्या सयाजीराव महाराजांनी १८९० मध्ये कलाभवन काढून तांत्रिक शिक्षणाची सोय केली, १९०८ मध्ये बँक ऑफ बडोदा सुरू केली. कलाभवन ज्यांनी उभं केलं त्या प्रा. गज्जरांचं नाव १९०७ च्या अलेंबिक या औषध कंपनीच्या संस्थापकांत कोटिभास्कर आणि अमीन यांच्याबरोबर येतं. शिकलेले हात आणि बँकेचं भांडवल, दोन्ही हाताशी असलं की धाडस करणाऱ्याला पाय टेकायला जागा मिळते. सरकारचं काम इथे आहे असं माझं ठाम मत आहे.

आणि आजची सगळ्यात मोठी अडचण सांगतो: अडकलेलं पेमेंट. सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायचे, नाहीतर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज, असं लहान उद्योगांसाठीचा २००६ चा एमएसएमईडी कायदा सांगतो. पण मोठ्या गिऱ्हाइकाकडे व्याज मागायला गेलं तर पुढची ऑर्डर जाते, म्हणून बहुतेक जण गप्प बसतात. तोवर पगार कॅश क्रेडिटमधून, म्हणजे बँकेच्या कर्जातून, निघतात आणि घ्यायची ठरलेली मशीन वर्षभर पुढे ढकलली जाते. त्या मशीनवर बसणारा माणूसही तोवर घरीच राहतो. हा मुद्दा निबंधात जरूर घे.